लोखंडाला एक दिवस, बैलाला पाच

चिपळूणजवळ 1880 साली जन्मलेले आणि पुढे भारतरत्न झालेले पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. त्यात यज्ञ, श्राद्ध, तीर्थयात्रा आहेतच, पण बाजारातल्या भांडणांनाही भरपूर जागा आहे. वस्तू विकत घेतल्यावर होणारा पस्तावा हा स्मृतिकारांनी खटल्याचा एक स्वतंत्र विषय मानला आणि त्याला ‘क्रीतानुशय’ असं भारदस्त नाव दिलं. याज्ञवल्क्याने तर माल पारखण्याची मुदतच ठरवून टाकली. बियाणं घेतलं तर दहा दिवस, लोखंड एक दिवस, ओझ्याचं जनावर पाच, दुभतं तीन, रत्नं सात. तेवढ्या दिवसांत काय ती पारख करून घ्यायची.

आता रत्नागिरीत कोणी जुनी मर्सिडीज विकायला काढली, तर तिला यातली कोणती मुदत लावायची? ती लोखंडाची आहे, ओझं वाहते, आणि मालकाने सांगितलेला आकडा ऐकला तर रत्नांतच धरावी लागेल.

बैल घेताना लोक दात मोजतात, चालवून बघतात, मारका आहे का विचारतात. हा बैल मूळचाच आहे का, असं कोणी विचारत नाही. जुन्या जर्मन गाडीच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच असतो, चालते की नाही ही चौकशी नंतर. ‘ओरिजिनल आहे का?’ हे दोन-तीन शब्द गॅरेजात इतक्या सहज टाकले जातात की त्यांत अडीच हजार वर्षांचं भांडण भरलेलं आहे याचा पत्ता विकणाऱ्याला नसतो आणि घेणाऱ्यालाही नसतो. भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का? राहत असेल तर कशाच्या जोरावर? ग्रीकांनी हा प्रश्न जहाजावर घातला, बौद्धांनी रथावर. गाडी ही दोघांच्या मानाने सोपी वस्तू, कारण तिच्यावर नंबर असतो. निदान असं वाटतं खरं.

समजा, मिरजोळे एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये मर्सिडीजची ‘डब्ल्यू 123’ उभी आहे, त्यातलं 240 डी हे डिझेलचं मॉडेल. 1976 च्या सुरुवातीला ही मालिका बाजारात आली आणि 1986 च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ 27 लाख गाड्या बनल्या. जर्मनीत ती टॅक्सी होती. तिथल्या टॅक्सीचा फिकट हस्तिदंती रंग कंपनीच्या यादीत 623 या आकड्याने ओळखला जातो. भारतात त्या काळी परदेशी मोटार सरळ विकत घेता येत नसे. दूतावासांनी वापरलेल्या गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, काही गाड्या परदेशातून कायमच्या परतणाऱ्यांच्या सामानाबरोबर येत. तेव्हा अशी गाडी कोकणात पोचेपर्यंत तिचे तीन-चार मालक झालेले असणार हे धरूनच चालायचं.

विकणाऱ्याची वाक्यं ठरलेली असतात. रंग कंपनीचा. पत्रा कंपनीचा. इंजिन खोललेलं नाही. पेपर क्लिअर.

पहिलं वाक्य दहा मिनिटांत तपासता येतं. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातून आलेला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. दारावर 130 आणि मागच्या चाकाच्या कमानीवर 600 दिसले, तर तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे. यंत्र नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चालतं. लांबी जाड असली की ते चिकटत नाही, घसरतं. पुढचे मडगार्ड बोल्टवर बसवलेले असतात. त्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग कोपऱ्यांत उडालेला असेल तर पान्याने तो कधीतरी खोललेला आहे. मिस्त्री बोनेट उघडून दोन मिनिटं गप्प उभा राहतो आणि म्हणतो, “शेट, हा पत्रा कंपनीचा नाय.” त्याने काय पाहिलं ते त्याला नीट सांगता येईलच असं नाही, पण बहुधा त्याचं बरोबर असतं.

मग नंबर. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर कंपनीची प्लेट असते, तिच्यावर रंगाचा आकडाही असतो. इंजिनाच्या मागच्या फायरवॉलवर चासी नंबर ठोकलेला असतो. 240 डी असेल तर त्यात 123123 असे सहा आकडे लागोपाठ दिसतात, कारण या मॉडेलचा कंपनीतला क्रमांकच 123.123 आहे. आरटीओत कागद लावून त्यावर पेन्सिल घासतात आणि नंबराचा छाप घेतात. जाणत्या गिऱ्हाइकानेही तेच करावं. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्या छापात दिसतं. एखादा आकडा किंचित खोल, एखादा किंचित तिरका, मागे पुसलेल्या 3 ची सावली, किंवा नंबराच्या आजूबाजूचा पत्रा घासून पातळ केल्याचे ओरखडे. पुराभिलेखाचे अभ्यासकही हेच करतात. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्य मंदिराकडे शिलाहार राजा भोज दुसरा याचा शके 1113 चा ताम्रपट आहे, म्हणजे इ. स. 1191 चा. तो दान दिल्याचा दस्तऐवज. पण देशात खोटे ताम्रपटही पुष्कळ सापडले आहेत, जमिनीवर हक्क सांगण्यासाठी मागाहून घडवलेले. ते कसे पकडले जातात? तिथी एका शतकाची असते आणि अक्षरांचं वळण दोन शतकांनंतरचं. चोर मजकूर बरोबर उतरवतो, हात मात्र स्वतःच्या काळाचा असतो. चासी नंबर नव्याने ठोकणाऱ्याचंही असंच होतं.

पत्र्याविषयी मात्र कोकणात वेगळाच हिशेब लागतो. मिऱ्यापासून भाट्यापर्यंत खारा वारा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. डब्ल्यू 123 चं इंजिन कितीही दणकट असलं तरी तिचा पत्रा गंजाला भिऊन असतो: जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, स्टेपनीची खोली, मागच्या काचेची खालची कड. तेव्हा ‘गाडी पहिल्यापासून रत्नागिरीतच आहे’ आणि ‘पत्रा कंपनीचा आहे’ हे दोन्ही दावे एकाच तोंडातून आले, तर एक तरी ढिला आहे असं समजावं. गाडी सदैव कोरड्या, बंद शेडमध्ये राहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती चालली किती?

खरी गंमत तिसऱ्या वाक्यात आहे. ‘इंजिन खोललेलं नाही.’

240 डी मध्ये ओएम 616 नावाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं असे. याच इंजिनाचा परवाना ऐंशीच्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पोने डाइमलर-बेंझकडून घेतला, आणि ते आकुर्डीला बनू लागलं. कंपनीने ते ट्रॅक्समध्ये बसवलं. ट्रॅक्स म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आत दहा, मागे लटकलेले तीन, टपावर आंब्याच्या पेट्या आणि कोंबड्यांची खुराडी, अशी घाट चढणारी वडाप गाडी कोणी पाहिली नाही? तिच्या पोटात मर्सिडीजचं इंजिन होतं. बसणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, मिस्त्रींना मात्र होतं. कारण दूतावासाच्या जुन्या 240 डी चं इंजिन दमलं, आणि जर्मनीहून माल मागवायचा तर घर विकावं लागेल अशी स्थिती असली, की आकुर्डीचं इंजिन हा हाताशी असलेला इलाज होता. आराखडा एकच, वंश एकच.

आता या गाडीला ओरिजिनल म्हणायचं का? मर्सिडीज प्रत्येक गाडीचं डेटा कार्ड ठेवत असे. त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, आतलं कापड आणि जादा बसवलेल्या गोष्टी नोंदलेल्या असतात. 240 डी च्या कार्डावरचा इंजिन नंबर 616.912 ने सुरू होतो. पुण्याच्या इंजिनावरचा नंबर त्या कार्डाशी जुळणं शक्यच नाही. संग्राहकाच्या भाषेत ‘नंबर मॅच’ होत नाहीत, म्हणजे भाव पडला. पण आराखडा जर्मन, परवाना जर्मन, आवाजसुद्धा तोच खडखडाटी. मूळपण लोखंडाच्या त्या विशिष्ट ओतीव ठोकळ्यात असतं, की आराखड्यात, की काम करण्याच्या पद्धतीत?

ग्रीक राजा मिनँडर, बौद्ध परंपरेतला मिलिंद, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल म्हणजे आजच्या सियालकोटात राज्य करत होता. ‘मिलिंदप्रश्ना’त तो भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून आला असं सांगितलं आहे, आणि नागसेनाने तोच रथ वादाला घेतला. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं, जू, लगाम, यातलं कोणतं एक म्हणजे रथ? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागलं. सगळे भाग मिळून? तेही नाही. भागांच्या पलीकडे काही? तेही नाही. मग आलास कशातून, असं भिक्खूने विचारलं. शेवटी राजानेच कबूल केलं की हे भाग एकत्र आले की व्यवहारात ‘रथ’ असं नाव पडतं, एवढंच.

नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खराखुरा असतो. कापड म्हणजे नुसते तंतू नव्हेत. पण या भूमिकेची किंमतही त्यांनी प्रामाणिकपणे मोजली. घड्याचा काठ फुटला तर जुना घडा नष्ट झाला आणि नवा ‘खंडघट’ जन्मला, असं ते म्हणतात. हा नियम गाडीला लावला तर वायपरची पट्टी बदलली तरी नवी गाडी झाली, आणि मालकाने दर पावसाळ्यात आरटीओत नवी नोंदणी करायला हवी. यावर त्यांचा प्रतिपक्ष विचारतो की मग ‘हा तोच देवदत्त’ अशी ओळख कशी पटते? बौद्धांचं उत्तर असं की समईची ज्योत रात्रभर तीच वाटते, खरं तर क्षणाक्षणाला दुसरी असते. सारखेपणा पाहून आपण तिला एक समजतो.

वेदान्त्याला ही अडचण पडत नाही, कारण त्याच्याकडे आत्मा आहे. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त कीर्तनातून सगळ्यांच्या कानावर आहे: देह बदलतो, देही तोच. म्हणूनच एखादा मालक कुरवाळत म्हणतो, “इंजिन बदललं, रंग बदलला, पण आत्मा तोच आहे.” हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाइकाने खिसा घट्ट धरावा. मर्सिडीजला आत्मा नाही. गाडी पूर्णपणे नागसेनाच्या बाजूची वस्तू आहे, भाग आणि नाव यांच्यापलीकडे तिच्यात काही नाही.

आणि इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने 1655 मध्ये या वादात जी पाचर मारली, ती तर थेट जुन्या गाड्यांच्या धंद्याचीच. ग्रीकांचं ते जहाज म्हणजे थीसियस या वीराचं, त्याची एकेक फळी बदलत गेले. समजा, काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जमवून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं. आता खरं जहाज कोणतं? मोटारींच्या जगात हे रोज घडतं. एका भंगार गाडीची प्लेट आणि चासीचा तुकडा एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, आणि दोघंही आपलीच गाडी मूळची म्हणून सांगतात.

देवळात याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने दिलं गेलं आहे, आणि ते जास्त चतुर आहे. कोकणातल्या पुष्कळ गावांत गेल्या काही दशकांत ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. जांभ्याच्या भिंती, कोरीव लाकडी खांब आणि कौलारू छप्पर जाऊन सिमेंटचा स्लॅब आणि चकचकीत फरशी आली. जुन्या कामाची आवड असलेल्यांना ते बघवत नाही, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. पण गावकऱ्यांपैकी कोणीही ‘हे देऊळ आता ते राहिलं नाही’ असं म्हणत नाही. कारण मधे एक विधी झालेला असतो. काम सुरू करण्याआधी देवाला कौल लावून परवानगी घेतात. मूर्तीतलं दैवत मंत्रपूर्वक कलशात उतरवून घेतात, काम पुरं होईपर्यंत पूजा त्या कलशाची होते, आणि मग पुन्हा प्राणप्रतिष्ठा. काण्यांच्या ग्रंथात प्रतिष्ठेबरोबर पुनःप्रतिष्ठा आणि जीर्णोद्धार यांचाही विचार आहे. शास्त्रकारांना एवढं स्पष्ट होतं की दगड झिजतो, भंगतो, बदलावा लागतो. म्हणून त्यांनी देवाची ओळख दगडापासून काही दिवसांपुरती सोडवून घेण्याची सोयच करून ठेवली. जपानमध्ये इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर संपूर्ण नव्याने बांधतात. 2013 मध्ये बासष्टाव्यांदा बांधलं. त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. 1994 साली जपानातच नारा इथे जमलेल्या तज्ज्ञांनी वारशाच्या अस्सलपणाचा जो मसुदा केला, त्यात केवळ मूळ द्रव्यावर सगळं तोलू नये, घडण, परंपरा, उपयोग हेही पाहावेत असं मान्य केलं.

पण देवळाचा हा मार्गही निर्वेध नाही. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर संवर्धनासाठी उतरवले. खालून रेखीव कोरीव रूप प्रकटलं. आता देवीचं मूळ रूप कोणतं? शिल्पकाराच्या छिन्नीतून उतरलेलं, की ज्या शेंदरी रूपाला पिढ्यान्पिढ्यांनी नवस केले ते? जुन्या गाडीच्या जाणकारांपुढे नेमका हाच पेच येतो. 1990 मध्ये दिलेला दुसरा रंग खरवडून 1978 चा काढायचा का? की तो रंगही आता गाडीच्या इतिहासाचा भाग झाला? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केलं तेव्हा मस्तकावरच्या नागाच्या प्रतिमेवरून वाद पेटला. भक्तांचा राग बदलाबद्दल कमी होता. काय होतं आणि काय राहिलं, हे आपल्याला नीट सांगितलं गेलं नाही, हे त्यांना जास्त लागलं होतं.

इथे गाडीच्या बाजारालाही काहीतरी सापडतं. द्रव्याचा प्रश्न सुटणारा नाही, हे एकदा मान्य केलं की हिशेबाचा प्रश्न उरतो, आणि तो सुटू शकतो. बौद्धांनीही सगळं आभास म्हणून दुकान बंद केलं नव्हतं. परमार्थाने रथ नाही, व्यवहाराने आहे, आणि व्यवहाराच्या पातळीवर खरं-खोटं असतंच. मनूनेही खोट लपवून, भेसळ करून किंवा झाकून ठेवून माल विकू नये असं म्हटलं आहे. निर्दोष दाखवून सदोष देणाऱ्याला दुप्पट भरपाई लावणारे स्मृतिकार आहेत. गाडी बदलली म्हणून कोणी दोषी ठरत नाही. बदल झाकला की ठरतो.

1990 साली लंडनच्या हायकोर्टात यावर मोठा खटला झाला. गाडी जर्मन नव्हती, बेंटली होती: ‘ओल्ड नंबर वन’, 1929 आणि 1930 ची ल मांची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन घातलं. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक मेला. मग ती पुन्हा बांधली गेली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदार मागे फिरला. हिच्यात ल मां जिंकलेल्या गाडीतलं असं उरलंय काय, हे त्याचं म्हणणं. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा की 1929 ची गाडी जशीच्या तशी आहे असं म्हणता येणार नाही, पण भाग हळूहळू बदलत गेले, तिचा इतिहास कुठेही तुटला नाही, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर तिचाच हक्क आहे. न्यायाधीशाने नागसेन वाचला होता की नाही कोण जाणे.

न तुटलेला इतिहास कसा असतो ते पाहायचं तर रत्नागिरीहून आंबा घाट चढून दसऱ्याला कोल्हापूरला जावं. सीमोल्लंघनाला छत्रपतींचं कुटुंब ज्या मोटारीतून दसरा चौकात येतं, ती जर्मन मेबॅक आहे, राजाराम महाराजांच्या काळातली, 1930 च्या दशकातली. या कंपनीने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सगळ्या मिळून साधारण 1800 मोटारी बनवल्या. त्यांची एक खोड जाणकारांनाच माहीत असते: मेबॅक कारखाना चासी आणि इंजिन बनवायचा, वरची बॉडी बहुतेक वेळा बाहेरचे कोचबिल्डर बांधत. म्हणजे जन्मतःच एक हात इंजिनाला, दुसरा बॉडीला. शुद्ध एकाच कारखान्यातलं असं मूळपण तिला पहिल्या दिवशीही नव्हतं. तरी तिच्याविषयी कोणाला शंका येत नाही, कारण ती एकाच घरी राहिली आहे आणि दर दसऱ्याला शहरासमोर येते. डेटा कार्डाचं काम तिथे हजारो डोळे करतात.

भारत सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. रोजच्या कामाला मात्र ती वापरायची नाही. डब्ल्यू 123 च्या पहिल्या गाड्या 2026 मध्ये पन्नाशी गाठतात. आकुर्डीचं इंजिन बसवलेली 240 डी अर्जासाठी उभी राहिली, तर तो ‘मोठा फेरबदल’ की एका वंशातली अदलाबदल, हा प्रश्न तत्त्वज्ञाऐवजी आरटीओतल्या टेबलापलीकडच्या माणसाला सोडवावा लागेल. त्याच्याकडे याज्ञवल्क्य नसेल, पेन्सिल आणि कागद असतील.

एक फाटा आणखी आहे, आणि तो महाराष्ट्राचा स्वतःचा. टाटांच्या टेल्कोशी भागीदारी करून मर्सिडीज 1994 मध्ये भारतात आली आणि 1995 पासून पुण्यात डब्ल्यू 124 ची ई-क्लास जोडू लागली. (टेल्को आणि डाइमलर-बेंझ ही जोडी 1954 पासूनची, जुन्या माणसांना ‘टाटा मर्सिडीज’ ट्रक आठवतात.) या गाड्याही आता तिशीच्या झाल्या आणि ‘क्लासिक’ म्हणून विकायला येतात. काही विकणारे पुण्यात जोडलेली ही गोष्ट खालच्या आवाजात सांगतात, जणू खोट आहे. ते चूक आहे. पुण्यात जोडलेली गाडी पुण्यात जोडलेलीच राहिली असेल, तिचं कार्ड, तिचे नंबर, तिचा रंग जुळत असेल, तर ती तिच्या जातीची अस्सल आहे. तिला जर्मनीत जन्मलेली म्हणून विकणं ही फसवणूक. पुण्याची म्हणून विकली तर ती ओरिजिनलच.

शेवटी गिऱ्हाइकाला निवड करावीच लागते. समोर दोन 240 डी आहेत असं धरा. एकीत ट्रॅक्सचं इंजिन आहे, पण ते आरसी बुकात रीतसर चढवलेलं; मागच्या कमानी 2009 मध्ये नव्याने घडवल्याचं बिल आहे, दुसऱ्या रंगाचं वर्ष मालक आपणहून सांगतो. दुसरी ‘अजिबात हात न लागलेली’, फक्त फायरवॉलवरच्या नंबराच्या आजूबाजूचा रंग जरा ताजा आहे. पहिली व्हिंटेजच्या व्याख्येत बहुधा बसणार नाही आणि तिचा भाव कमीच द्यावा. पण घ्यायची असेल तर पहिलीच घ्यावी. दुसरी कितीही सुंदर असली तरी तिच्या मालकाला काहीतरी सांगायचं नाही आहे, आणि ते काय ते गाडी घेतल्यावरच कळेल. जुन्या मोटारींच्या संघटनांनी केलेली तुरिनची सनदही नवं-जुनं ओळखू यावं, बदलांची नोंद राहावी यावर भर देते. त्यासाठी सनद वाचायची गरज नाही. विकणाऱ्याला एक कोरा कागद द्यावा आणि काय काय बदललं ते तारखेसह लिहून सही करायला सांगावं. चांगला मालक दोन पानं भरतो, दुसरा चहा मागवतो.

आणि गाडी रत्नागिरीत पाहायची असेल तर मे महिन्यात पाहू नये. जुलैत, चार दिवस संततधार लागून गेल्यावर जावं, पायाखालचे गालिचे उचलावेत, डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालच्या खोलीत हात घालावा. रंगवलेलं सगळं उन्हाळ्यात कोरडं दिसतं.